कळकलेले ताक, न कळकणारे दूध : कल्हईचा विसरलेला इतिहास

मराठीत ‘कळकणे’ असे एक क्रियापद आहे. आजच्या तरुण वाचकाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागतो. पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात ताक, कढी, चिंचेचे सार राहून गेले की त्यावर हिरवट झाक येते, चव कडवट-तुरट होते आणि दोन घोट घेतले तरी मळमळते. तो पदार्थ ‘कळकला’ असे म्हणत आणि अंगणात फेकून देत. एका रासायनिक क्रियेसाठी भाषेने स्वतंत्र क्रियापद राखून ठेवले, याचा अर्थ ती क्रिया घरोघरी, वारंवार घडत होती. या संकटावर जो उपाय आपल्याकडे शतकानुशतके चालत आला त्याचे नाव कल्हई.

कल्हईवाल्याच्या आठवणी दिवाळी अंकांतून पुष्कळ येतात. फुंकणारा भाता, पांढरा धूर, पाण्यात बुडवलेल्या भांड्याचा चर्र आवाज, भोवती कोंडाळे करून उभी राहिलेली मुले. प्रस्तुत लेखाचा हेतू वेगळा आहे. आग, मीठ आणि आंबट यांच्या तडाख्यात धातू कसा टिकवायचा, हा मानवाचा फार जुना प्रश्न आहे. कल्हई हे त्याचे आपल्या चुलीपाशी सापडलेले उत्तर. ते उत्तर कुठून आले, कसे चालत होते, कुठे तोकडे पडले आणि त्या तोकडेपणाची किंमत कोणी मोजली, हे इथे पाहायचे आहे.

बाजाराचे गाव

वाशीम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यात शेलूबाजार आहे. नावातच बाजार असलेले हे गाव कारंज्याकडून मालेगावकडे जाणाऱ्या जुन्या नागपूर–औरंगाबाद रस्त्यावर आहे. वऱ्हाडात फिरत्या कारागिरांचे जगणे बाजारांच्या वारांवर बेतलेले असे. आज या गावी, उद्या पुढच्या गावी; बाजार उठला की बिऱ्हाड पाठीवर. कल्हईवाला त्यांच्यापैकीच एक. पावसाळा सरून कापूस घरात येऊ लागे, दिवाळी तोंडावर येई, पुढे लग्नसराई दिसू लागे, तेव्हा त्याला मागणी असे. गंज, कोपर, परात, तपेली, बटलोई अशी माळ्यावरची भांडी त्याच्यासाठी खाली उतरत.

ही भांडी घडवणारे हात वेगळे आणि त्यांना कल्हई लावणारे हात वेगळे. घडवणारे तांबट आणि कासार. विदर्भात पितळी भांड्यांसाठी भंडाऱ्याचे नाव मोठे होते. कल्हईचे काम करणारे बरेचसे मुसलमान होते. ज्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायची मुभा त्यांना नव्हती, त्याच स्वयंपाकघरातल्या अन्नाची राखण त्यांच्या हातात होती. आपल्या समाजव्यवस्थेतल्या अनेक विसंगतींपैकी ही एक.

तांबे स्वतःला राखते, माणसाला नाही

तांबे हा मुळात टिकाऊ धातू आहे. त्याचा पुरावा वाशीमनेच दिला आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ साली येथे विंध्यशक्ती द्वितीय या राजाचा ताम्रपट सापडला. वत्सगुल्माहून, राजाच्या सदतिसाव्या राज्यवर्षात दिलेले हे दानपत्र चौथ्या शतकातले मानले जाते. त्यातला वंशावळीचा भाग संस्कृतात आणि बाकीचा मजकूर प्राकृतात आहे. इतका काळ लोटूनही अक्षरे वाचता येतात, कारण तांब्याच्या पृष्ठभागावर हवा-पाण्याने जो थर साचतो तो खालच्या धातूला झाकून घेतो. तांबे स्वतःच्याच गंजाचे पांघरूण घेऊन झोपते.

पण हेच पांघरूण चुलीवर उपयोगाचे नाही. ताकातले लॅक्टिक आम्ल, चिंचेतले टार्टारिक आम्ल, अंबाडीच्या आणि चुक्याच्या भाजीतला आंबटपणा या सगळ्यांत ते विरघळते. त्यात मीठ आणि उष्णता यांची भर पडली की क्रिया कितीतरी वेगाने होते. विरघळलेले तांब्याचे क्षार म्हणजेच जंगाल. पितळेत तांब्याबरोबर जस्तही असते आणि तेही आम्लात सहज उतरते. वऱ्हाडी जेवणात वरणात चिंच, ताकाची कढी, अंबाडीची भाजी हे रोजचे पदार्थ; म्हणजे पितळेला खाणारे सगळे पदार्थ पितळेतच शिजत होते. मडके हा एक पर्याय होता, आणि गरिबाच्या घरी तोच होता. पण मडके फुटते, पितळ पिढ्यान् पिढ्या चालते, अडीनडीला गहाण पडते आणि मोडीत विकले तरी पैसे देते. ते घरात हवे होते आणि पोटात जायला नको होते. या दोन गरजांच्या मध्ये कथिलाचा एक पातळ पापुद्रा उभा राहिला.

कलह बंदरापासून मुदपाकखान्यापर्यंत

हा पापुद्रा परदेशातून आला. ‘कल्हई’ हा शब्द अरबी ‘क़लई’वरून आला, आणि अरबी शब्दाचे मूळ मलाया द्वीपकल्पातल्या ‘कलह’ या बंदराच्या नावात आहे असे बहुतेक अभ्यासक मानतात. अरब भूगोलवेत्त्यांनी या बंदराचे वर्णन कथिलाची पेठ म्हणून केले आहे. आजच्या मलेशियातल्या केडाहशी त्याचा संबंध जोडतात. भारतात कथिलाचे खनिज फार थोडे. जे आहे ते मुख्यतः बस्तरच्या भागात. म्हणून शेलूबाजारच्या भट्टीवर वितळणारी कांडी समुद्र ओलांडून आलेली असे. पूर्वेकडचे कथील, अरबी नाव, वऱ्हाडी चूल : व्यापाराचा नकाशाच त्या भांड्यावर उमटलेला होता. १९४२ साली मलाया जपानच्या ताब्यात गेला तेव्हा हा नकाशा एका झटक्यात तुटला. मलायातल्या युद्धाशी आपल्या चुलीचा काय संबंध, असे कोणाला वाटले असेल तर तो संबंध हा होता.

कथील भारतीयांना त्याआधीही ठाऊक होते. तेराव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या ‘रसरत्नसमुच्चय’ या रसशास्त्राच्या ग्रंथात वंग म्हणजे कथिलाचे खुरक आणि मिश्रक असे दोन प्रकार सांगितले आहेत. खुरक चांगले, मिश्रक हलके. शुद्ध आणि भेसळीच्या कथिलातला हा फरक कल्हईच्या इतिहासात शेवटपर्यंत सोबत करतो.

भांड्याला कथील लावण्याची युक्ती आणखी जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी याने तिची नोंद केली. पितळी-काशाच्या भांड्यांना आतून असा लेप दिला की अन्नाची चव सुधारते आणि जंगालाचे विष आटोक्यात राहते, असे तो सांगतो. म्हणजे चव आणि विष यांची सांगड त्याच्याही वेळी ठाऊक होती.

आपल्याकडचा सर्वांत नेमका पुरावा अबुल फझलच्या ‘आइन-ए-अकबरी’त आहे. शाही मुदपाकखान्याचे नियम सांगताना तो लिहितो की बादशहाच्या वापरातल्या तांब्याच्या भांड्यांना महिन्यातून दोनदा कल्हई होई, शहजादे आणि इतरांच्या भांड्यांना महिन्यातून एकदा. फुटकी भांडी तांबटांकडे देऊन नवी घडवून घेत. या नियमात मोठी गोष्ट दडलेली आहे. कल्हई झिजते आणि तिची पाळी चुकवायची नाही, हे सोळाव्या शतकात प्रशासनाने लेखी बांधून घातले होते. याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात ‘बाशीम’ सरकार, म्हणजे आपले वाशीम, नोंदलेले आहे. बादशहाकडे पंधरा दिवसांनी होणारी कल्हई बाशीम सरकारातल्या कुणब्याच्या घरी वर्षातून एकदा झाली तरी पुष्कळ. संरक्षण एकच, पण त्याची वारंवारता ऐपतीवर ठरत होती.

भट्टीपाशी काय घडत होते

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. जमिनीत खड्डा, त्यात कोळसा, बाजूला चामड्याचा भाता. पुढे त्याची जागा हाताने फिरवायच्या पंख्याने घेतली. आधी भांडे घासायचे. मोठ्या भांड्यात वाळू आणि गोणपाट टाकून एखादा पोऱ्या आत उभा राही आणि कंबर डोलवत पायांनी ते घासून काढी. काही जण पातळ केलेल्या तेजाबाने धूत. मग सांडशीत धरून भांडे निखाऱ्यांवर तापवायचे. पुरेसे तापले की कापसाच्या बोळ्याने नवसागराची पूड आत फिरवायची. पांढरा, नाकाला झोंबणारा धूर निघाला की कथिलाची कांडी टेकवायची. ती लोण्यासारखी पाघळली की त्याच बोळ्याने चपळाईने सगळीकडे पसरवायची. काळपट पितळ क्षणात रुपेरी होई.

या नाट्यातला खरा नायक कथील नसून नवसागर आहे. तापलेल्या तांब्यावर हवेतल्या प्राणवायूमुळे ऑक्साइडचा काळा थर बसतो. कथील त्या थराला चिकटत नाही. अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखे गोळा होऊन घरंगळते. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. सुमारे ३४० अंश सेल्सियसला त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड या दोन वायूंत विघटन होते. हे वायू काळा थर खाऊन टाकतात आणि काही क्षण धातू अगदी उघडा पडतो. त्याच काही क्षणांत कथील पसरले पाहिजे. कथील २३२ अंशांना वितळते, तांबे १०८५ अंशांना. या दोहोंमधल्या मोकळ्या पट्ट्यात कल्हईवाला काम करी आणि त्याच्यापाशी तापमापक नव्हता. भांड्याचा रंग, धुराचा दाटपणा आणि हाताला बसणारी धग हीच त्याची मापे.

कल्हईला रंगकाम समजणे चूक आहे. रंग वर बसतो. कथील मात्र तांब्याशी संयोग पावते आणि दोन्हींच्या सांध्यावर तांबे-कथिलाच्या संयुगांचा अतिशय पातळ थर तयार होतो. म्हणून चांगली कल्हई पोपडे होऊन निघत नाही, झिजत जाते. आणखी एक सोय निसर्गाने केली आहे. तांब्याच्या तुलनेत कथील आम्लाला आधी बळी पडते. त्यामुळे भांड्याला एखादा ओरखडा पडला तरी भोवतालचे कथील स्वतः झिजून उघड्या तांब्याला काही काळ वाचवते. लोखंडावर मात्र बाहेरच्या हवेत उलटे होते. कथील लावलेल्या पत्र्याच्या डब्याला ओरखडा पडला की लोखंड अधिकच वेगाने गंजते. तोच थर एका धातूचा कैवारी, दुसऱ्याचा वैरी.

नवसागराचाही स्वतंत्र इतिहास आहे. ‘रसरत्नसमुच्चया’त त्याची उत्पत्ती करीर आणि पीलू या झाडांची लाकडे जाळताना, तसेच विटा भाजताना होते असे सांगितले आहे. इंग्रजी अमदानीत पंजाबच्या कर्नाल जिल्ह्यात कुंभार विटांच्या भट्ट्यांतून नवसागर काढत असल्याच्या नोंदी आहेत. आणि आपल्या सीमेवरच्या बीदरला हाच नवसागर नेमके उलट काम करतो. बिदरी भांड्यांचा धातू जस्त आणि थोडे तांबे यांचा असतो. किल्ल्यातली खास माती आणि नवसागर यांचा लेप चोळून त्याला मुद्दाम काळे करतात, म्हणजे त्यावरचे चांदीचे जडावकाम उठून दिसते. इथे ‘गंजवणे’ हीच कला आहे.

घरातले नियम आणि त्यांची मर्यादा

कल्हईच्या भांड्याभोवती घरात काही नियम होते. रिकामे भांडे चुलीवर ठेवायचे नाही. तळण कल्हईच्या पातेल्यात करायचे नाही, लोखंडी कढईत करायचे. उलथने जोराने खरवडायचे नाही. राखेने घासताना आतून हलका हात ठेवायचा. हे नियम सासूकडून सुनेकडे आले, आणि विज्ञानाच्या भाषेत ते अचूक आहेत. भांड्यात पाणी असेपर्यंत तळ शंभर अंशांच्या फार वर जात नाही. तळणीचे तेल १८० अंशांच्या घरात असते आणि ते २३२च्या धोक्याच्या रेषेला फार जवळ आहे. रिकामे भांडे तर काही मिनिटांत ती रेषा ओलांडते. मग कथील वितळून एका बाजूला गोळा होते आणि खालचे पितळ उघडे पडते.

पण या ज्ञानाला एक मर्यादा होती. ते जिभेचे ज्ञान होते. जे कळकते ते वाईट. जे कळकत नाही ते चांगले. ताक कळकले की जीभ लगेच सांगे. म्हणून ताक-कढीच्या भांड्याची कल्हई घरातली बाई डोळ्यांत तेल घालून पाही. दुधाचे काय? दूध आंबट नसते. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ते तापवले, तासन् तास ठेवले, तरी रंग बदलत नाही, चव बदलत नाही. दूध कळकत नाही. निदान जिभेला तसे वाटते.

इथेच कल्हईच्या इतिहासातले सर्वांत दुःखद पान सुरू होते.

न कळकणारे दूध

१८८७ साली कलकत्त्यात लहान मुलांच्या यकृताच्या एका जीवघेण्या रोगाचे वर्णन प्रसिद्ध झाले. पुढे तो ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’ या नावाने ओळखला गेला. वर्ष-दोन वर्षांचे मूल चिडचिडे होई, पोट फुगे, यकृत दगडासारखे कडक लागे, कावीळ होई आणि बहुतेक मुले काही महिन्यांत दगावत. एकाच घरात एकामागून एक भावंडे जात. कोणी विषाणूला दोष दिला, कोणी आहाराला, कोणी रक्ताच्या नात्यातल्या लग्नांना. आणि घरातल्यांनी दैवाला, दृष्टीला, त्या आईच्या पायगुणाला.

१९७९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या मुलांच्या यकृतांत तांब्याचे प्रमाण अफाट वाढलेले असते, असे दाखवून देणारे निबंध आले. मग प्रश्न उरला तो हे तांबे येते कुठून, हा. त्याचा शोध पुण्यात लागला. के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांच्यासह रोगी मुलांच्या घरातला आहार तपासला. १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्येच त्यांचा निष्कर्ष छापला गेला : ज्या बाळांना फार लवकर, आईच्या दुधाऐवजी किंवा दुधाबरोबर, गाई-म्हशीचे दूध सुरू केले होते आणि ते दूध पितळी-तांब्याच्या भांड्यांत तापवले वा साठवले जात होते, त्यांना हा रोग होत असावा. १९८७ साली रोगी मुले आणि निरोगी मुले यांच्या आहाराच्या तुलनेचा अभ्यासही प्रसिद्ध झाला आणि त्याने हे मत बळकट केले. पुढच्या प्रयोगांतून असेही दिसले की पितळी भांड्यातले तांबे दुधातल्या केसीन या प्रथिनाला चिकटून बसते. म्हणून दूध हिरवे होत नाही, जिभेला चाहूल लागत नाही, आणि तान्ह्या यकृताला मात्र त्याचा पुरता हिशोब चुकवावा लागतो.

या शोधातली बोचरी गोष्ट अशी की हा रोग भुकेकंगाल घरांचा नव्हता. ज्या घरात दुभते होते, पितळ होते, बाळाला वरचे दूध देण्याची ऐपत होती, त्या घरात तो येई. मडक्यात दूध तापवणारी आणि मूल अंगावर पाजणारी मजूर बाई या एका संकटातून सुटली होती. लाडाने, प्रेमाने, घरातले सर्वांत चांगले भांडे घासूनपुसून त्यात बाळाचे दूध ठेवले जाई. आणि घासणे जितके निगुतीचे, तितका धातू अधिक उघडा.

शास्त्रज्ञांमध्ये मतभेद होते आणि आहेत. त्याच भांड्यातले दूध पिणारी सगळी मुले आजारी पडत नसत, तेव्हा काहींच्या शरीरात आनुवंशिक दुबळेपणाही असावा, असे मानणारा पक्ष आहे. त्याला आधार मिळाला तो दूरच्या युरोपातून. ऑस्ट्रियाच्या टिरोल या डोंगराळ प्रांतात १९०० ते १९७४ या काळात अशाच रोगाने गेलेल्या १३८ बालकांची माहिती संशोधकांनी १९९६ साली प्रसिद्ध केली. तिथेही गाईचे दूध होते, तिथेही कथील न लावलेली तांब्या-पितळेची भांडी होती, शिवाय आनुवंशिक कलही दिसत होता. भांडी बदलली आणि रोग नाहीसा झाला. आल्प्स पर्वतातली आई आणि सह्याद्रीच्या कुशीतली आई एकाच फसवणुकीला बळी पडल्या होत्या.

पुण्यात आणि अन्यत्र डॉक्टरांनी साधा सल्ला देणे सुरू केले : अंगावरचे पाजा, वरचे दूध दिलेच तर ते पितळेत ठेवू नका. पेनिसिलामाइन हे शरीरातले तांबे बाहेर काढणारे औषध लवकर दिल्यास काही मुले वाचू लागली. त्याच सुमारास स्टीलची भांडीही घरोघरी पोहोचत होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस हा रोग जवळजवळ दिसेनासा झाला. आज बालरोगाच्या विद्यार्थ्यांना तो बहुधा पुस्तकातच भेटतो.

मग कल्हईने ही मुले वाचवली असती का? थर धड असता तर दुधाचा पितळेशी संबंधच आला नसता. पण थर धड असेल याची खात्री कोण देणार होते? आणि कल्हई कशासाठी, हेच ‘कळकते ते’ एवढ्यापुरते समजले गेले असेल, तर दुधाच्या भांड्याची पाळी सर्वांत शेवटी येणार हे उघड होते.

कायदा, भाव आणि भेसळ

सरकारला हा धोका अगदीच ठाऊक नव्हता असे नाही. १९५४च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखालील १९५५च्या नियमांत, नीट कल्हई न केलेली तांब्या-पितळेची भांडी अन्नासाठी अयोग्य ठरवली होती. नियम विक्रेत्यांसाठी होता. घरातल्या चुलीपर्यंत तो पोहोचणारा नव्हता.

दुसरा धोका कल्हईच्या आतच होता. शिसे दिसायला कथिलासारखे आणि कितीतरी स्वस्त. दोन्ही मिसळले की मिश्रण शुद्ध कथिलाहूनही कमी तापमानाला वितळते, सहज पसरते आणि झळकते. म्हणजे काम सोपे, नफा जास्त आणि विष पोटात. शिशाचा परिणाम मुलांच्या मेंदूवर होतो आणि तो भरून येत नाही. जाणकार गिऱ्हाईक कांडी वाकवून पाही : शुद्ध कथील वाकताना करकरते. शिसे मुकाट्याने वाकते आणि कागदावर काळसर रेघ ओढते. रसग्रंथातला खुरक आणि मिश्रक हा भेद इथे बाजारात उभा राहतो. २०२२च्या सुरुवातीला जागतिक बाजारात कथिलाचा भाव टनाला ४०,००० डॉलरच्या वर गेला होता. शिसे तेव्हा त्याच्या काही अंशानेच विकले जात होते. प्रामाणिक कल्हईवाल्याला हा व्यवसाय का सोडावा लागला, याचे बरेचसे उत्तर या दोन भावांत आहे.

उरलेले उत्तर ॲल्युमिनियम आणि स्टील. १८९८ साली मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ॲल्युमिनियमची भांडी बनवायला सुरुवात केली. पुढे स्वातंत्र्योत्तर काळात स्टेनलेस स्टील आले आणि बोहारणीच्या टोपलीतून, जुन्या कपड्यांच्या बदल्यात, खेड्यापाड्यांत शिरले. स्टेनलेस स्टीलची जादू त्यातल्या क्रोमियमची आहे. हवेशी संबंध येताच क्रोमियमच्या ऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा त्यावर बसतो. ओरखडा पडला तर तो आपोआप भरून येतो. स्टील म्हणजे स्वतःची कल्हई स्वतः करणारे भांडे. त्याच्यापुढे बाजारोबाजारी भाता वाहणाऱ्या माणसाचा निभाव लागणे शक्य नव्हते.

नवसागर अजून संपलेला नाही

तरीही कल्हईवाल्याचे तत्त्व मेले, असे म्हणता येत नाही. धातू साफ कर, त्याला क्षणभर उघडा पाड, त्याच क्षणी संरक्षक धातू त्याच्याशी जोडून दे : हेच आजच्या मोठ्या कारखान्यांतही चालते. समृद्धी महामार्ग शेलूबाजारजवळून जातो. महामार्गांच्या कडेला पोलादी कठडे दिसतात, त्यांवर जस्ताचा थर असतो. पोलाद आम्लात धुऊन, क्लोराइडच्या द्रावणात बुडवून, सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. त्या द्रावणात झिंक क्लोराइडच्या जोडीला असते ते अमोनियम क्लोराइड. म्हणजे आपला नवसागर.

त्याच्याही पलीकडची आग आहे. शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारसच्या औष्णिक विद्युत केंद्रात २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. अशा केंद्रांच्या बॉयलरमध्ये वाफ ५०० अंशांच्या वर तापते. आपल्या कोळशात राख फार. ती नळ्या घासते आणि तिच्यातले क्षार त्या खातात. म्हणून क्रोमियमयुक्त पोलाद वापरतात, कुठे नळ्यांवर संरक्षक थर फवारतात. विमानाच्या इंजिनातली पाती तर एक हजार अंशांच्या आसपास काम करतात आणि समुद्रावरच्या हवेतले मीठ व इंधनातले गंधक मिळून जो सोडियम सल्फेट बनतो, तो ८८४ अंशांना वितळून पात्यांना गिळू लागतो. मीठ, आग आणि धातू : कढीच्या पातेल्यातलेच त्रिकूट, फक्त आच वाढलेली.

त्यावरचा एक उपाय विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत पुढे आला. वस्तू ॲल्युमिनियमच्या भुकटीत पुरायची, भुकटीत थोडे अमोनियम क्लोराइड मिसळायचे आणि पेटी तापवायची. उष्णतेने क्लोराइडचे वायू सुटतात, ॲल्युमिनियम उचलून धातूच्या पृष्ठभागावर नेऊन ठेवतात आणि तिथे नवे संयुग तयार होते. निकेलच्या मिश्रधातूंच्या पात्यांवर पुढे हीच रीत वापरली गेली. प्रक्रियेचे नाव वेगळे, तापमान वेगळे, पेटी बंद. पण नाकाला झोंबणारा तो पांढरा धूर ओळखीचा आहे.

तांब्या-पितळेची भांडी आता पुन्हा शहरी घरांत येत आहेत. परंपरेच्या नावाने, आरोग्याच्या नावाने. तांब्याच्या बाटलीत साधे पाणी ठेवणे ही एक गोष्ट; त्यात लिंबू पिळणे, ताक भरणे किंवा पितळी पातेल्यात बाळाचे दूध तापवणे ही अगदी निराळी. पिण्याच्या पाण्यात लिटरला २ मिलिग्रॅमपेक्षा अधिक तांबे नसावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे, आणि आंबटाच्या संगतीत ती ओलांडायला पितळेला फार वेळ लागत नाही. भांडे परत आले, पण भांड्याभोवतीचे नियम परत आले नाहीत; त्या नियमांची राखण करणारा कारागीरही बाजारातून निघून गेला. पितळी भांडे विकत घेणाऱ्याने दुकानदाराला आधी विचारावे : कल्हई कोण करून देणार, कशाची, आणि पुन्हा कधी?

आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते, असे म्हणणारे या रोगाने गेलेल्या मुलांना विसरतात. त्यांना काहीच ठाऊक नव्हते, असे म्हणणारे बादशहाच्या मुदपाकखान्यातला पंधरवड्याचा नियम आणि आजीची लोखंडी कढई विसरतात. जिभेने जेवढे सांगितले तेवढे परंपरेने काटेकोरपणे जपले. जे जिभेला कळत नव्हते, ते रुग्णालयात मुलांच्या यकृतांची तपासणी करून आणि एकेका आईला बाळाच्या दुधाचे भांडे कोणते, हे विचारून शोधावे लागले.